आत्या, टॅक्सी आणि हिंदमाता

गेल्या पावसाळ्यात भाचीचं बारसं होतं, दादर टीटीला. कानात नाव सांगणारी आत्या, म्हणजे अस्मादिक, संध्याकाळी सात वाजता लालबागला टॅक्सीत! बाहेर धो धो पाऊस. मोबाइलवरचा मॅप म्हणत होता, हिंदमातावरून सरळ काढा. टॅक्सीवाले काका म्हणाले, "पावसात हिंदमाता? नाय ताई." आणि गाडी शिवडीकडे वळवली. दीड तास लागला. पाळणा खोळंबलेला, भाची रडून झोपलेली, वहिनीचा चेहरा... जाऊ दे. हिंदमातावरून आलेला तिचा मामा मात्र दुसरी प्लेट घेत होता.

काका चुकले का? ऐका. २६ जुलै २००५ ची रात्र त्यांनी टॅक्सीतच काढली होती. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३! हिंदमाता तर बशीसारखं खोलगट. समुद्राला भरती असली की पाण्याला जायला वाटच नाही. पण २०२१ मध्ये महापालिकेने दादरच्या प्रमोद महाजन उद्यानात आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानात जमिनीखाली टाक्या बांधायला घेतल्या. पाणी तिथे साठवायचं, ओहोटीला सोडायचं. काकांच्या डोक्यातला डेटा त्याआधीचा.

मशीन लर्निंगवाल्यांचं डोकं नेमकं इथेच फिरतं. समोर चार रस्ते, कुठला चांगला ते नक्की माहीत नाही. नेहमीचाच धरला तर दुसरा सुधारलाय हे कळणारच नाही; रोज नवा शोधत बसलात तर रोज लेट मार्क. हर्बर्ट रॉबिन्स या गणितज्ञाने १९५२ मध्येच हे कोडं मांडलं होतं. साधा फंडा असा, की दहापैकी नऊ वेळा माहितीतला बेस्ट रस्ता आणि एकदा डोळे मिटून दुसरा. आणि रस्तेच बदलत असतील तर ताज्या अनुभवाला जास्त वजन द्यायचं, जुन्याला हळूहळू विसरायचं.

हळूहळू म्हणजे किती, ही खरी गोची. २६ मे २०२५ ला मान्सून मुंबईत पोचला आणि टाक्या असूनही हिंदमाताला पाणी भरलंच. त्याच महिन्यात सुरू झालेलं आचार्य अत्रे चौक मेट्रो स्टेशनही पाण्यात गेलं. सगळं जुनं विसरलेलं मशीन त्या दिवशी तोंडावर आपटलं असतं.

शिवाय चूक कुणाला किती महागात पडते? मला उशीर झाला, वहिनीची बोलणी खाल्ली, विषय संपला. काकांच्या इंजिनात पाणी गेलं असतं तर आठवडाभर धंदा बंद. मॅपला इंजिन थोडंच असतं! माझ्या आणि काकांच्या प्रश्नाला मशीनने एकच उत्तर द्यावं, हेच मला पटत नाही.

आता त्याच घरी उष्टावण आहे. या वेळी मी गिरगावातल्या मावशीकडून निघणार. मेट्रो-३ तिथून थेट दादरला जाते, ऑक्टोबर २०२५ पासून. फक्त ती उतरवते पश्चिमेला, म्हणजे टिळक पूल चालत ओलांडायचा. किती वेळ लागेल? माझ्याकडचा डेटा शून्य. वहिनीला आत्ताच सांगून ठेवलंय.