हेतू, जाणीव आणि तपास

भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी एका बौद्ध कुटुंबातील चौघांची निर्घृण हत्या झाली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने खून सिद्ध मानला. परंतु अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होत नाही, असे ठरविले.

१९८९ च्या मूळ कायद्यात अशा गंभीर गुन्ह्यासाठी तो जातीच्या ‘कारणावरून’ घडलेला असावा, अशी अट होती. कारण म्हणजे हेतू. आणि हेतू मनात दडलेला असतो. जमिनीचा वा जुना तंटा पुढे केला की जात बाजूला पडे. २०१६ पासून अमलात असलेल्या दुरुस्तीने तेथे ‘जाणीव’ पुरेशी मानली. आरोपीला पीडिताची किंवा त्याच्या कुटुंबाची वैयक्तिक माहिती होती, एवढे सिद्ध झाले की जात त्याला ठाऊक होती, असे न्यायालय गृहीत धरते. ते खोडून काढण्याचा भार आरोपीवर असतो.

मात्र गृहीतकालाही पाया लागतो. पीडिताचा जातीचा दाखला, पूर्वओळख सांगणारे शेजाऱ्यांचे जबाब, जुन्या तक्रारींचे कागद हे तपास अधिकाऱ्यानेच जमवावयाचे असतात. हेतू आणि जाणीव यांतील भेद ज्यास कळत नाही, त्याच्या हाती असा तपास देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बंधूंनो आणि भगिनींनो, फिर्याद वाचून घेतल्यावाचून सही करू नका. तिची प्रत विनामूल्य मिळणे हा आपला हक्क आहे.