पहाऱ्याचा ताळा

जुईनगरच्या आमच्या घरातला कॅमेरा बंद पडला, तेव्हा साऱ्यांनी दोष दिला तो विजेच्या लपंडावाला. ते अगदीच खोटे नव्हे. वीज परतताना दाब उसळला तर अ‍ॅडॉप्टर जळतो. ती अचानक गेली तर हार्डडिस्कवरचे चित्रण बिघडू शकते. पण बँकेतली जुनी खोड! वीज गेल्याच्या वेळा आणि चित्रणाच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या. चित्रण तीन आठवडे आधीच थांबलेले! कुणी पाहिलेच नव्हते.

२०१७ मध्ये याच जुईनगरात चोरांनी शेजारच्या गाळ्यातून भुयार खणून बँकेचे लॉकर फोडले. कळले ते सोमवारी, बँक उघडल्यावर.

रोकड जुळल्याशिवाय आम्ही घरी जात नसू. घराच्या पहाऱ्यालाही रोजचा ताळा हवा. हल्ली दिवेलागणीला मी पाच मिनिटे चित्रण पाहतो.