घरगुती यंत्रशाळा : गंजलेला बोल्ट

मोटार प्रथम जुनी होते ती इंजिनात, असा बहुतेकांचा समज असतो. मुंबईच्या उपनगरांत तरी तो खरा नव्हे. येथे मोटार आधी जुनी होते ती तळाशी, बोल्ट आणि चाकी यांच्या आट्यांत. समुद्राची खारट हवा आणि सांताक्रूझला पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरीने दोन हजार मिलिमीटरांहून अधिक कोसळणारा पाऊस, या दोहोंपुढे लोखंडाचे काही चालत नाही. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळे आट्यांमधील केसभर फट तो भरून टाकतो आणि बोल्ट व चाकी एकजीव होतात. मग पान्याला कितीही जोर लावा, चाकी हलत नाही. सुटतो तो आपला धीर.

याचा अनुभव नुकताच आमच्या घरी आला. मुलुंडच्या आमच्या अंगणात वडिलांनी हौसेने घेतलेली प्रीमियर पद्मिनी उभी आहे. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती जन्मली. तो कारखाना आता नाही, आणि पद्मिनीच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीही ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. खासगी मोटारीला मात्र पंधरा वर्षांनंतर तपासणी करवून दर वेळी पाच वर्षांची नोंदणी वाढवून घेता येते. अशी तपासणी जवळ आली होती, आणि ती आटोपताच आईला वज्रेश्वरीच्या दर्शनास न्यावयाचे ठरले होते. अभियांत्रिकी शिकणाऱ्या पुतण्याने मागच्या बाजूचे काम आपल्या अंगावर घेतले.

आरंभ बंपरपासून झाला. बंपरचा कंस धरणाऱ्या बोल्टाचे आटे मोटारीच्या अंगातच पाडलेले असतात. पुतण्याने पान्याला हातभर नळी जोडून अंगातले सारे बळ लावले. टक्कन आवाज झाला, बोल्टाचा माथा हातात आला आणि दांडा आतच राहिला. बिचारा ओशाळून म्हणाला, "काका, बोल्टच कच्चा होता." बोल्ट कच्चा नव्हता; घाई पक्की होती.

आमचे मिस्त्री वयोवृद्ध आहेत. त्यांनी रागावण्याऐवजी दुसऱ्या बाजूचा बोल्ट कसा सोडवावा ते दाखविले. तारेच्या ब्रशाने आटे साफ केले, गंज सोडविणारे तेल घातले आणि "आता उद्या" म्हणून ते निघून गेले. तेल बारीक फटींतून आपोआप आत ओढले जाते, परंतु त्याला वेळ द्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोल्टाच्या माथ्यावर सरळ चार-सहा ठोके दिले. त्या हादऱ्याने गंजाला तडे जातात. मग सहा पैलूंचे घट्ट बसणारे सॉकेट लावून बोल्ट आधी किंचित आवळला व नंतर सैल केला. पाव फेरा मागे, थोडा पुढे, पुन्हा तेल, अशा रीतीने तो अर्ध्या तासात अखंड बाहेर आला. मोडलेल्या दांड्यासाठी मात्र मधोमध खूण ठोकणे, भोक पाडणे, उलट्या आट्यांचे हत्यार बसवून तो उपसणे आणि शेवटी टॅप फिरवून आटे साफ करणे, यांत सबंध दुपार गेली. हे करताना मिस्त्री एकच वाक्य बोलले, "बोल्ट गेला तरी चालेल, घर जाता कामा नये." घर म्हणजे मोटारीच्या अंगातील आटे. बोल्ट बाजारात मिळतो. ते आटे मिळत नाहीत.

मागील पाट्यांच्या यू बोल्टांची गोष्ट याच्या उलट. पाटे आणि मागचा आस यांना एकत्र बांधणारे हे चार बोल्ट. त्यांचे आटे त्यांच्याच अंगावर असतात आणि एकदा काढल्यावर ते पुन्हा वापरावयाचे नसतात, म्हणून त्यांना वाचविण्यात अर्थ नाही. येथे ज्योतीचा शेकही नको. शेकाने पाट्याचे पाणी उतरते आणि पेट्रोलची टाकीही मागेच आहे. मिस्त्रींनी करवतीने चाक्यांना उभी चीर पाडून छिन्नीने त्या फोडल्या.

चारांपैकी तीन यू बोल्ट बरे दिसत होते. पुतण्या म्हणाला, "काका, हे तीन राहू द्या, वरून रंग मारू. तपासणीत कोणाला कळणार?" मिस्त्रींनी त्यांतलाच एक पुसून त्याच्या हाती दिला. चाकीखाली झाकलेल्या जागी, जेथे नजर पोचत नव्हती, तेथे दांडा झिजून निम्मा उरला होता. भरधाव मोटारीत तो तुटता तर आस जागचा सरकला असता. मागच्या आसनावर आई बसणार होती, हे मुलाला कोणी सांगावे लागले नाही. तो तसाच उठला आणि कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावरील सुट्या भागांच्या दुकानांतून चारही यू बोल्ट नवे घेऊन आला.

नवा बोल्ट घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, आट्यांचे माप. पद्मिनीचे आटे मिलिमीटरांचे, तर जुन्या जीपचे इंचांचे. हातानेच पहिले दोन-तीन फेरे सहज फिरले नाहीत तर माप चुकले असे समजावे. दुसरी, ताकद. माथ्यावर ८.८ असे कोरलेले असते, त्यातील पहिला आठ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटन ताण सोसण्याची शक्ती. तिसरी, मोह. चकचकीत स्टेनलेस बोल्ट गंजत नाही म्हणून भार घेणाऱ्या जागी बसवू नये. तो सामान्यतः यापेक्षा कमी ताकदीचा असतो. यू बोल्टाच्या चाक्या आळीपाळीने, थोड्याथोड्या आवळाव्यात, आणि बाहेर उरलेल्या आट्यांना ग्रीस लावावे. आणखी एक सूचना गृहिणींनीही लक्षात ठेवून घरातील पुरुषांना बजावावी. केवळ जॅकवर तोललेल्या मोटारीखाली कोणीही शिरू नये. भक्कम लोखंडी टेकू लावावेत आणि डोळ्यांवर चष्मा असावा.

तपासणी निर्वेध पार पडली. आईचे वज्रेश्वरीचे दर्शनही झाले. नवे यू बोल्ट शे-दोनशे किलोमीटर धावल्यावर पुन्हा आवळावे लागतात, हे मी पुतण्यास सांगावयाचे विसरलो होतो. परतल्याच्या दुसऱ्या सकाळी अंगणात पान्याचा आवाज आला म्हणून पाहावयास गेलो, तर मोटार टेकूंवर होती आणि खालून फक्त त्याचे पाय दिसत होते. आठ चाक्यांपैकी एकीने पाव फेरा घेतला, असे त्याने आतूनच सांगितले.