ट्यूबचा ‘गोड’ आवाज येतो कुठून?

ट्रान्झिस्टर आले आणि व्हॉल्व्हचे रेडिओ माळ्यावर गेले. आता तेच व्हॉल्व्ह, म्हणजे व्हॅक्यूम ट्यूब, हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरच्या रूपाने टेबलावर परत आले आहेत. त्यांचा आवाज ‘उबदार’ असतो, असे शौकीन सांगतात. बायस थोडा वाढवला की तो आणखी खुलतो, असा सल्लाही सर्रास दिला जातो. या सल्ल्यात विज्ञान आहे, पण अर्धेच.

ट्यूबमध्ये तापलेल्या कॅथोडमधून निघालेले इलेक्ट्रॉन प्लेटकडे धावतात. त्यांच्या वाटेत एक जाळी असते, तिला ग्रिड म्हणतात. ली डी फॉरेस्ट यांनी 1906 च्या सुमारास ही जाळी आणली आणि क्षीण विद्युत संदेश मोठा करणे शक्य झाले. ग्रिडवर कॅथोडच्या तुलनेत थोडा ऋण दाब ठेवला, की प्रवाहाला लगाम बसतो. गाणे सुरू नसतानाही ट्यूबमधून किती प्रवाह वाहत राहावा, हे हा दाब ठरवतो. तोच बायस.

अर्ध्या उघड्या नळाची कल्पना करावी. संगीताची लाट त्याला क्षणाक्षणाला उघडते आणि मिटते. नळ आधीच जवळजवळ बंद असेल, तर मिटण्याच्या बाजूला जागाच उरत नाही. तसेच बायसचा प्रवाह फार कमी असेल, तर लाटेची एक बाजू चपटी होते आणि आवाज कोरडा, चिरका लागतो. उलट तो फार वाढवला तर ट्यूब तापते. प्रसिद्ध 12एयू7 ट्यूबच्या तांत्रिक पत्रकात 250 व्होल्ट आणि उणे 8.5 व्होल्ट बायसला 10.5 मिलिअँपिअर प्रवाह दिलेला असतो. गुणाकार केला तर ही उष्णता सुमारे 2.6 वॅट भरते आणि त्या ट्यूबच्या एका अर्ध्या भागाची मर्यादा आहे 2.75 वॅट. म्हणजे तिथून पुढे ‘थोडा वाढवायला’ फारशी जागा नसते. वाढवलाच, तर ट्यूबचे आयुष्य घटते.

मग गोडवा कशाचा? बायस योग्य असला तरी ट्यूब लाटेच्या दोन बाजू अगदी सारख्या मोठ्या करत नाही. या किंचित वाकडेपणातून मूळ स्वराच्या दुप्पट कंपनसंख्येचा स्वर मिसळतो. षड्ज वाजला की त्यात तार षड्जाची सावली येते. ती कानाला खटकत नाही, उलट भरीव वाटते. बायस बदलला की या सावलीचे प्रमाण बदलते, आणि ते उपकरणाने मोजता येते. हा भ्रम नव्हे, पण ही शुद्धताही नव्हे. तानपुऱ्याची जवारी ध्वनिमुद्रणात आधीच उतरलेली असते. तिच्यावर अ‍ॅम्प्लिफायरने आपली वेगळी जवारी चढवावी का, हा आवडीचा प्रश्न आहे.

हेडफोन कोणता, यावरही बरेच ठरते. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरला 300 ओहमचा हेडफोन मानवतो. 32 ओहमचा मात्र प्रवाह मागतो आणि बायसने ठरवलेला प्रवाह तिथे तोकडा पडतो. अशा जोडीत बायसमधला फरक चांगला ऐकू येतो. बाकी पुष्कळदा ‘आवाज खुलला’ याचा अर्थ तो किंचित मोठा झाला, एवढाच असतो. मोठा आवाज माणसाला चांगला वाटतोच. दोन्ही वेळची पातळी मोजून सारखी केल्याशिवाय केलेल्या तुलनेवर भरवसा ठेवू नये.

कानाचा प्रश्न इथेच येतो. ट्यूब अतिभाराला एकदम कर्कश होत नाही, हळूहळू गोलावते. त्यामुळे ‘आता पुरे’ असे सांगणारी खरखर उशिरा येते आणि बोट व्हॉल्यूमवर पुढे सरकत राहते. कानातल्या सूक्ष्म केसपेशींना मात्र आवाज गोड की कडू याच्याशी देणेघेणे नसते. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला 80 डेसिबल, 40 तास ही मर्यादा सांगते. दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 86 डेसिबलला 10 तासच उरतात. महागड्या ट्यूबच्या बरोबरीने आवाजाची पातळी मोजण्याचा विचार किती ग्राहक करतात?

दुसरा धोका याहून तातडीचा आहे. बायसचा स्क्रू फिरवण्यासाठी झाकण उघडले, की आत शेकडो व्होल्ट असू शकतात. प्लग काढल्यावरही कपॅसिटर काही काळ भरलेले राहतात आणि त्यांचा धक्का जिवावर बेतू शकतो. बायस मोजण्याची टोके आणि स्क्रू खोक्याबाहेर सुरक्षितपणे काढून देणे ही उत्पादकाची जबाबदारी मानली पाहिजे. ते नसेल, तर काम जाणकार तंत्रज्ञाकडेच द्यावे. अनेक लहान अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तर कॅथोडचा रेझिस्टरच बायस सांभाळतो. तिथे फिरवायला स्क्रूच नसतो.