पित्ताची गोळी: रोजची नव्हे, मुदतीची

भिवंडीत धामणकर नाक्यावरच्या मेडिकलपाशी संध्याकाळी थोडा वेळ थांबलं की "पित्ताची गोळी द्या" हे कानावर येतंच. चिठ्ठी नसते, पाकिटातल्या दोन गोळ्या कापून घ्यायच्या, जळजळ उठली की एक गिळायची.

"गोळीनं शमतं ना, मग बिघडलं कुठं?" बिघडतं ते वेळेत. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल या पित्ताच्या गोळ्या पोटात साचलेल्या आम्लाला हातही लावत नाहीत. रक्तातून जठराच्या पेशींपर्यंत जाऊन त्या जेवणानं चालू झालेले आम्लाचे पंप बंद करतात. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची. पुरता गुण यायला तीन-चार दिवस जातात. जळजळीच्या घटकेला उपयोग अँटासिडचा. "सकाळी उपाशीपोटी घ्या" हा सल्लाही यंत्रमागावरच्या रातपाळीवाल्याला पुरत नाही. तो सकाळी खाणावळीत जेवतो आणि लगेच आडवा होतो. त्याचा दिवस दुपारी उजाडतो. त्याला "झोपून उठल्यावरच्या पहिल्या जेवणाआधी" असंच सांगितलं पाहिजे. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास हवेत, हेही. तंबाखूनं अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल पडते, हे तर कुणी बोलतच नाही.

"बंद केली की दुप्पट जळतं, म्हणजे ती लागतेच," हा युक्तिवाद फसवा आहे. महिनोन् महिने दाबलेलं आम्ल गोळी तोडताच काही काळ उसळतं. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी केली, तर अनेकांची सुटते.

दुसरा पक्ष गोळीला विष म्हणतो. भारताच्या औषध नियंत्रकांनी 2019 मध्ये मूत्रपिंडाच्या इजेचा इशारा माहितीपत्रकात घालायला लावला, हे खरं. पण अशी इजा क्वचित होते. अन्ननलिकेला पडलेल्या जखमा चार ते आठ आठवड्यांच्या गोळ्यांनी भरून येतात, थंड दुधानं नाही. अल्सरमधून रक्त गेलेल्या आणि हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्याला ती वर्षानुवर्षेही लागू शकते.

सगळ्यात घातक समज म्हणजे "गोळीनं बरं वाटलं, म्हणजे पित्तच होतं." हृदयविकाराचा झटकाही छातीत जळजळ होऊन येतो. घाम फुटला, धाप लागली, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर मेडिकल नव्हे, थेट इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय गाठा आणि ईसीजी काढा. घास अडकत असेल, वजन उतरत असेल, शौचाला काळं होत असेल, तर एंडोस्कोपी टाळू नका.