घरच्या खाटेवरील संशोधन

क्षयाचा रोगी घरी ठेवावा की आरोग्यधामात धाडावा, हा प्रश्न एके काळी कितीएक कुटुंबांना छळीत असे. आरोग्यधामांत खाटा थोड्या आणि रोगी अगणित!

१९५६ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना व ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद ह्यांनी मिळून मद्रासला एक केंद्र उघडले. तेथे १९३ रोग्यांचे दोन गट पाडण्यात आले. एक गट आरोग्यधामात राहिला, दुसरा घरी. औषधे दोघांनाही तीच, वर्षभर. घरच्या रोग्यांना ना सकस अन्न, ना पुरती विश्रांती. तरीही दोन्ही गटांना जवळजवळ सारखाच गुण आला. घरातील माणसांना त्यामुळे अधिक बाधा झाल्याचेही दिसले नाही. १९५९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि क्षयोपचाराची रीत जगभर पालटू लागली.

परदेशी तज्ज्ञ पुढे मायदेशी परतले. पण त्यांच्यासंगे काम करून येथील माणसे तयार झाली होती. तेच केंद्र आज चेन्नईत राष्ट्रीय संस्था म्हणून उभे आहे. अशा सहकार्याची पारख करताना आपण दोनच गोष्टी विचाराव्यात: सोडविलेला प्रश्न कोणाच्या घरचा होता, आणि पाहुणा गेल्यावर घरात कोणती विद्या उरली?