अंथरुणाचे अर्थशास्त्र

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण एकदा हाती लागली की काही विद्वानांना दुसऱ्या अर्थशास्त्राची गरज उरत नाही. परवा अशाच एका लेखकमहाशयांनी जगभरच्या सरकारांना झोडपून काढले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: सरकार म्हणजे मोठे कुटुंब, मिळकतीहून जास्त खर्च करणारे कुटुंब देशोधडीला लागते, तसेच सरकारही लागणार, नोटा छापल्या की महागाई ठरलेली, आणि आज जन्मलेल्या बाळाच्या डोक्यावरही हजारोंचे कर्ज आहे. उपाय एकच, काटकसर. ती न केल्यास जपान बुडणार, मग अमेरिका आणि ओघाने आपणही. जपानच्या बुडण्याचा मुहूर्त दर दशकात नव्याने निघतो, ही गोष्ट वेगळी.

बाळाचा मुद्दा आधी निकालात काढू. त्याच्या डोक्यावरचे कर्ज मोजणाऱ्यांना त्याच्या आजोबांच्या विमा पॉलिसीमागचे, पीएफमागचे सरकारी रोखे दिसत नाहीत. एकाचे देणे हे दुसऱ्याचे येणे असते.

आता कुटुंबाकडे वळू. कोणते कुटुंब स्वतःच्याच नोटांत कर्ज काढते आणि त्या नोटांचा व्याजदर ठरवणारी बँकही बाळगते? जपान सरकारचे कर्ज तिथल्या जीडीपीच्या दुपटीहून पुष्कळ अधिक आहे. तरी बँक ऑफ जपानचा व्याजदर मार्च २०२४ पर्यंत शून्याखाली होता. कर्ज येनमध्ये, धनको बहुतांशी जपानी आणि जवळपास निम्मे रोखे खुद्द त्या बँकेकडेच. येन घसरला, ही त्याची किंमत. पण तिला दिवाळखोरी म्हणत नाहीत.

उलट श्रीलंका पाहा. १२ एप्रिल २०२२ रोजी तिने परदेशी कर्जाची परतफेड थांबवली, तेव्हा जीडीपीच्या तुलनेत तिचे कर्ज जपानच्या निम्म्याच्या आसपास होते. आकडा निम्मा आणि दुर्दशा पुरी! महिनाभर आधी तिथल्या पश्चिम प्रांतात शाळांच्या सत्रपरीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या, कारण प्रश्नपत्रिका छापायला कागद नव्हता आणि कागद आणायला डॉलर नव्हते. स्वतःचे रुपये तिच्या मध्यवर्ती बँकेने भरपूर छापले, पण त्या रुपयांवर डिझेलचे जहाज बंदरात रिकामे होत नाही. २०१९ च्या अखेरीस व्हॅट १५ वरून ८ टक्क्यांवर आणणे हा शुद्ध मूर्खपणा होता, हे मान्य. पण त्या मूर्खपणाचा फास झाला, तो २००७ पासून काढलेल्या डॉलर-रोख्यांमुळे.

आणि डॉलरचा भाव ठरतो वॉशिंग्टनमध्ये. १९७० च्या दशकात मेक्सिकोने बदलत्या व्याजदराने डॉलर उचलले. पुढे फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख पॉल व्होल्कर यांनी तिथली महागाई मोडण्यासाठी व्याजदर वाढू दिले. १९८१ मध्ये ते २० टक्क्यांच्या आसपास गेले आणि ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने हात वर केले. दुखणे अमेरिकेचे, कडू काढा लॅटिन अमेरिकेला. २०२२ मध्ये तोच प्रयोग पुन्हा झाला. फेडरल रिझर्व्हने मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात दर जवळजवळ शून्यावरून सव्वापाच-साडेपाच टक्क्यांवर नेला. घाना कोलमडला. आपला रुपया ऑक्टोबर २०२२ मध्ये ८३ च्या घरात गेला. खाद्यतेल निम्म्याहून अधिक बाहेरून आणणाऱ्या देशात त्याची धग फोडणीपर्यंत पोहोचणारच. यांपैकी कुणी किती पाय पसरले होते, हे व्होल्करांनी किंवा फेडने विचारले होते काय?

हा वाद माझा जुनाच आहे. १९९१ चा विषय निघाला की सभेत कुणीतरी उठतोच: ‘उधळपट्टी केली, म्हणून सोने गहाण टाकावे लागले.’ तुटीचा त्यात वाटा होता, नाही कोण म्हणतो? पण त्या वर्षीच्या जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने ४७ टन सोने गहाण ठेवले, ते रुपये हवे होते म्हणून नव्हे. आखाती युद्धाने तेल महागले होते, अनिवासी भारतीय ठेवी काढून घेत होते आणि गंगाजळीत जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरले होते. रुपयातल्या सरकारी रोख्यांचे देणे तेव्हाही चुकले नाही. हे सांगितले की सभेतले गृहस्थ ‘तेच ते’ म्हणून खाली बसतात.

नोटा आणि महागाई? २००८ नंतर फेडचा ताळेबंद चौपटीहून अधिक फुगला, तरी पुढली कितीतरी वर्षे अमेरिकेत महागाई २ टक्क्यांपर्यंत नेताना फेडच्याच नाकीनऊ आले. २०२१-२२ मध्ये ती उसळली खरी. पण तेव्हा कारखाने, बंदरे आणि युक्रेनचा गहूही अडलेला होता. काटकसरीचे म्हणाल, तर ग्रीसने ती केली आणि तिथली अर्थव्यवस्था चतुर्थांशाने आकसली.

मग आमचे म्हणणे काय? फार नाही. कर्ज शक्यतो स्वतःच्या चलनात, देशातल्या बचतीतून आणि लांब मुदतीचे काढावे. जे डॉलरमध्ये काढावेच लागेल, त्यातून डॉलर मिळवून देणारे काही उभे राहावे. गंगाजळी भरलेली असावी. मध्यवर्ती बँकेने सरकारच्या दारातली तिजोरी होऊ नये. आपल्याकडे सरकारला रिझर्व्ह बँकेकडून हवे तेव्हा पैसे उचलू देणारी ‘ॲड-हॉक’ ट्रेझरी बिले १९९७ मध्ये बंद झाली, ती याच शहाणपणातून. व्याजच महसुलाचा मोठा घास घेत असेल, तर रुपयातले कर्जही जड होते, हेही खरे.

म्हणून कर्ज किती, हे विचारण्याआधी ते कोणत्या चलनात, कुणाकडून, किती मुदतीचे आणि कशासाठी, एवढे विचारा. त्यानंतरही एखादे सरकार उधळे ठरले, तर लेखकमहाशयांच्या निषेधपत्रावर पहिली सही माझी.